तुम्ही विचारलंत म्हणून: पाच तारांच्या बॅन्जोवर आयरिश जिग

हा प्रश्न हमखास येतो: घरी पाच तारांचा बॅन्जो आहे, आयरिश जिग (सहा मात्रांच्या नाचाच्या धुना) शिकायच्यात, तर यावरच भागेल की चार तारांचा टेनर बॅन्जो घ्यावा लागेल? (गणपतीच्या मिरवणुकीतला बटणांचा बेंजो वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.)

भागेल. मात्र टेनरवाल्यांची नक्कल करायला जाऊ नका. टेनर आयर्लंडमध्ये रुजला त्यात 'द डब्लिनर्स' या आयरिश बँडच्या बार्नी मॅकेना यांचा मोठा वाटा. त्याच्या तारा जी-डी-ए-ई अशा लावल्या की फिडलच्याच (व्हायोलिनच्याच) तारा एक सप्तक खाली मिळतात, आणि पिकने (तार छेडायच्या चपट्या तुकड्याने) एकाच तारेवर हवे तितके आघात करता येतात. पाच तारांवर बोटांनी वाजवताना नेमकं हेच अवघड जातं. एकच तार एकाच बोटाने लागोपाठ छेडली की वेग मरतो. म्हणून लागोपाठचे सूर शक्यतो वेगवेगळ्या तारांवर शोधायचे.

'केश जिग' ही धून घ्या. ती जी मध्ये आहे, त्यामुळे नेहमीचं ओपन जी ट्यूनिंग (पाचव्या तारेपासून पहिलीपर्यंत जी-डी-जी-बी-डी) चालतं. तिसऱ्या मात्राखंडात सूर येतात ई-डी-डी, जी-डी-डी. ई पहिल्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर, मधल्या बोटाने. पहिला डी दुसऱ्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, तर्जनीने. दुसरा डी पहिली तार मोकळी, पुन्हा मधलं बोट. मग वरचा जी म्हणजे मोकळी पाचवी तार, अंगठ्याने. पुढचे दोन डी आधीसारखेच. दोन्ही डी एकाच उंचीचे, पण तारा वेगळ्या, त्यामुळे हात कुठेच अडत नाही. फक्त पहिला ई मधल्या बोटावर येतो आणि ते बोट अंगठ्यापेक्षा हलकं पडतं. तिथे मुद्दाम जोर द्या, नाहीतर सम हरवते.

कारण जिगचा जीव वजनात आहे. मात्रा दादऱ्यासारख्या सहा, वजन पहिल्या आणि चौथीवर. अंगठा-तर्जनी-मधलं हा छेडण्याचा क्रम, म्हणजे फॉरवर्ड रोल, दोनदा घेतला की अंगठा आपोआप त्या दोन जागी पडतो. गडबड ब्लूग्रास या अमेरिकी शैलीतून आलेल्यांची होते: त्यांचा हात तीन-तीन-दोन असे आठ आघात मोजतो, आणि जिगमध्येही ते शेपटाचे दोन घुसतात. त्यावर उपाय एकच, मेट्रोनोम. ठोका पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा, मिनिटाला 60 पासून सुरू करा. आयरिश वादकांच्या बैठकीत हा ठोका साधारण 110 ते 120 वर चालतो. तिथे पोचायची घाई नको. तिन्ही सूर एका मापाचेही नकोत. पहिला जरा लांब, दुसरा आखूड.

क्लॉहॅमरवाल्यांची, म्हणजे बोटाच्या नखाने तार खाली मारून वाजवणाऱ्यांची, अडचण वेगळी. बोट-अंगठा-बोट-अंगठा असं आलटून-पालटून वाजवलं की चौथी मात्रा अंगठ्यावर जाते आणि तिचं वजन उतरतं. प्रत्येक तीनच्या गटात पहिला सूर बोटाने खाली मारा, दुसरा डाव्या हाताने हॅमर-ऑनने (बोट तारेवर आपटून) किंवा पुल-ऑफने (बोट ओढून उचलून) काढा, तिसरा अंगठ्याला द्या.

मोकळ्या तारा एकमेकींत मिसळून धून चिखलासारखी वाटायला लागली, तर बॅन्जोच्या पाठीमागून चामडी आणि आतला दांडा यांच्यामध्ये कापडाची घडी सरकवा. आधी छोटी, जास्त कोंबलीत तर आवाजच बसेल.

पाचवी तार सतत गुणगुणत ठेवायची सवयही सोडा. ती इथे धुनेतला सूर आहे, भरणा नव्हे. डी मधल्या जिगसाठी ती ए पर्यंत चढवा, बाकी चार तारा आहेत तशाच. ए मधल्या धुनांना दुसऱ्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), आणि पाचवी तार सातव्या पडद्याजवळ ठोकलेल्या बारीक खिळ्याखाली अडकवा. खिळा नसेल तर पाचव्या तारेची खुंटी पिळून ए लावा, पण हळूहळू आणि ट्यूनर समोर ठेवून. ती तार पटकन तुटते.