आमची वाटचाल : काठीच्या जोडीचा पट्टा

अंधांची काठी जमीन वाचते, कमरेच्या वरचं तिला कळत नाही. लोंबती फांदी, उघडी खिडकी, उभ्या ट्रकचा फाळका थेट कपाळावर येतो. त्यासाठी आम्ही छातीवर बांधायचा पट्टा काढला.

आत ४० किलोहर्ट्झचा अल्ट्रासॉनिक सेन्सर, म्हणजे कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारा. दोन मीटरवरून प्रतिध्वनी यायला साधारण १२ मिलिसेकंद. पहिल्या नमुन्यात अडथळ्याच्या इशाऱ्याला बीप होता. आमचं पहिलं गिऱ्हाईक एक अंध संगीतशिक्षक. सरांनी दहा मिनिटांत पट्टा उतरवला. म्हणाले, "रस्ता मी कानांनी ओलांडतो. तेच तुम्ही अडवलेत." त्याच रात्री भागीदाराने बझर उपटून नाण्याएवढी व्हायब्रेशन मोटर बसवली. तिच्या केसासारख्या तारा हालचालीने तुटायच्या, म्हणून सोल्डरवर सिलिकॉनचा थेंब देऊ लागलो. तो थेंब आजही मी स्वतः देतो, कुणावर सोपवत नाही.

मग आमच्याच एका पुरवठादाराने हुबेहूब पट्टा बाजारात आणला. नकलेचं दुःख आहेच, पण तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आता काठी फेकून द्या." छातीवरचा सेन्सर समोर पाहतो, पायाखालचा खड्डा त्याला दिसत नाही. तिरप्या काचेवरून ध्वनी भलतीकडे जातो, लोकरी कपडा तो गिळतो. हे त्यालाही ठाऊक होतं. एक मुलगा उघड्या गटारात पडला, पाय मोडला. बोल लागला तो सगळ्याच पट्ट्यांना. ऑर्डरी रद्द झाल्या, माल परत आला, चार महिने पगार निघाले नाहीत, भागीदार नोकरीला लागला. त्याला मी दोष देत नाही. पुरवठादाराला देतो, अजूनही.

तेव्हा सर दर आठवड्याला विद्यार्थी घेऊन यायचे. परत आलेला एकेक पट्टा काठीसह चालून तपासायचे. त्यांनीच विचारलं, "हा गप्प आहे म्हणजे वाट मोकळी, की हा मेलाय?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून आमचा पट्टा चालू असेपर्यंत दर मिनिटाला एक बारीक टिचकी देतो. आणि काठीसह अर्धा दिवस चालायला शिकवल्याशिवाय आम्ही पट्टा विकत नाही. हळूहळू ऑर्डरी परतल्या, पुढची वर्षं ठीक गेली.

कुठलंही असं उपकरण घेताना बंद पडल्यावर ते कसं कळतं, हे आधी विचारा. बटण बोटाला न शोधता सापडतं का, ते पाहा. घामाचं मीठ सेन्सरच्या जाळीवर साचतं, रोज कोरड्या फडक्याने पुसा.

सरांचा पहिला पट्टा गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा बॅटरी बदलायला आला. उघडून पाहिला, थेंब शाबूत होता.