दोस्ताचे टाळ

आषाढीला आमच्या येळ्ळूरच्या शिवारात गुडघाभर चिखल असतो. भाताच्या लागणीचे दिवस, त्यात बळ्ळारी नाला फुगला की पिकं पाण्याखाली. तेव्हा पंढरीला कोण निघणार? म्हणून बेळगाव-खानापूरकडचे शेतकरी माघी धरतात. सुगी आटोपलेली असते, भात घरात आलेलं असतं. काकती, हत्तरगी, संकेश्वर, चिकोडी, अंकली. तिथं कृष्णा ओलांडायची, मग कागवाड, म्हैसाळ, मिरज आणि सांगोल्यावरून पंढरपूर.

ही वाट मी चौदा वर्षं त्याच्या शेजारून चाललो. यंदा त्याचे टाळ घेऊन चाललो.

श्रावणात तो गेला. सकाळी बांधावर छातीत कळ आली आणि बेळगावला पोचेपर्यंत संपलं. पहिलीपासून आम्ही एका बाकावरचे. चौथीत असताना खेकडे धरायच्या नादात मी नाल्यात पडलो. त्यानं केस धरून मला बाहेर ओढलं. घरी मला मार बसू नये म्हणून माझ्या आईला सांगितलं, "मीच ह्याला ढकललो काकू." त्याच्या वडलांनी त्याला चिंचेच्या फोकानं फोडून काढलं. पुढं चाळीस वर्षांत त्यानं ती गोष्ट एकदाही काढली नाही. मीही कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतोय.

निघायच्या आदल्या रात्री वहिनींनी टाळ माझ्या हातात दिले. दोरीच्या गाठी त्यानं स्वतःच्या मापानं मारलेल्या. बोटं जाड त्याची. माझ्या बोटांत दोरी सैल पडायची, टाळ घसरायचा, आवाज बसका यायचा. हत्तरगीजवळ विणेकरी बुवा म्हणाले, "गाठ आखडून घ्या की हो माउली." संकेश्वरच्या मुक्कामात, हरिपाठ झाल्यावर, दिव्याखाली बसलो. गाठीत नख घातलं. जरा सुटली तर आतली दोरी नव्यासारखी पांढरी दिसली, वरून सगळी त्याच्या घामानं काळी पडलेली. मी नख काढून घेतलं. जुन्या उपरण्याची चिंधी फाडली, बोटाला गुंडाळली आणि दोरीत बोट घातलं. तेव्हा कुठं टाळ बसला.

चिकोडी सोडून अंकलीच्या रस्त्याला लागलं की उसात एक वस्ती आहे. कन्नड बोलणारं घर. आमच्या दिंडीची दुपारची पंगत दरवर्षी तिथंच. घरातल्या म्हातारीला आम्ही अव्वा म्हणतो. तो बाजारात भाजी विकायचा, त्यामुळं कन्नड त्याच्या तोंडात खेळायचं. पाय धुतले की सरळ चुलीपाशी जाऊन बसायचा, "अव्वा, चटणी कोडु." शेंगदाण्याची ती तिखटजाळ चटणी आणि कडक भाकरी. मला कन्नड समजतं, पण बोलताना जीभ अडते. बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची दर 1 नोव्हेंबरला काळ्या दिनाची फेरी निघते, तिच्यात आम्ही दोघं बरोबर चालायचो. मराठीसाठी तो माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा. आणि अव्वाशी तासभर कन्नडात बोलत बसायचा. त्यात त्याला कधी काही वेगळं वाटलं नाही, मलाही नाही.

यंदा तिनं पंगतीवरून नजर फिरवली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "निम्म दोस्त एल्ली?"

दोस्त कुठाय तुमचा. सहा महिने मी लोकांना "तो आता नाही", "देवाघरी गेला" असं काहीबाही सांगत होतो. कन्नडात मला एवढं आडवळण येत नव्हतं. एकच शब्द येत होता.

"तीरिकोंड, अव्वा." वारला.

ती तिथंच उंबऱ्यावर बसली. पदर तोंडाला लावला. बऱ्याच वेळानं विचारलं, "मक्कळु एष्टु?" पोरं किती. मी दोन बोटं दाखवली. चिंधी गुंडाळलेलं बोट तिनं हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. पखवाज वाजायला लागला तरी सोडेना. निघताना तिनं चटणीच्या दोन पुरचुंड्या दिल्या. एक वाटेला. दुसरी फडक्यात घट्ट बांधलेली, "अवन हेंडतिगे." त्याच्या बायकोला.

अंकलीत पाय जडच झाले. आषाढीला माउलींच्या पालखीचे अश्व आळंदीला जातात ते याच गावच्या शितोळे सरकारांकडून. त्या घोड्यांचं त्याला भारी वेड. एकदा ते निघायच्या दिवशी मोटारसायकलवरून मला इथं ओढत आणलं होतं आणि गर्दीत घोड्याच्या पाठीला हात लावून आल्यावर दिवसभर तो हात धुतला नव्हता.

पुढचे दिवस भराभर गेले. मिरजेच्या पुढं ओसाड माळ, पहाटेची थंडी, काकडा. एकादशीला चंद्रभागेत टाळ बुडवले, रांग फार मोठी म्हणून कळसाचं दर्शन घेतलं, नामदेव पायरीवर डोकं टेकलं.

परत आल्यावर प्रसाद, बुक्का आणि ती पुरचुंडी वहिनींच्या पुढ्यात ठेवली. कुणाची, ते सांगायच्या आत त्यांनी फडकं नाकाशी नेलं.

"अव्वाची," म्हणाल्या. "दरवर्षी आणायचे. मला म्हणायचे, तुला अशी कधी जमणार नाही."

मग उठल्या, तव्यावर भाकरी टाकली आणि दोन्ही पोरांना हाक मारली. ताटं चार मांडली. "बसा की भाऊजी," म्हणाल्या, "उभे का?"