आमच्या गरम पाण्याचे चार आवाज

जुलैत बेळगावात ऊन पडलं तर तो योगायोग. झड लागली की अनगोळमधल्या आमच्या घरावरचा 200 लिटरचा सोलर नुसता शोभेला उरतो आणि सगळ्यांच्या अंघोळीचा भार वरच्या मजल्यावरच्या 25 लिटरच्या गिझरवर येतो. गेल्या जुलैत त्या गिझरनं आवाज धरला. बटण दाबून पाच मिनिटं झाली की आत कुणी खडे भाजतंय असं वाटायचं. शिवाय मध्येच धाड, रात्री घुर्रघुर्र आणि भिंतीत टकटक. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं, गिझर बिघडला.

पहिला मेकॅनिक आला, कान लावून म्हणाला, "आतली टाकी गेली, नवा घ्या." मी घेणारही होते. पण त्याच रात्री दोन वाजता घुर्र ऐकून उठले, तर गिझरचं बटण बंद. मग हे काय वाजतंय?

दुसऱ्या दिवसापासून कालनिर्णयच्या चौकोनात लिहायला लागले: किती वाजता, कसला आवाज, तेव्हा घरात कोण काय करत होतं. सासूबाई हसल्या. "दूधवाल्याचा हिशोब लिहायच्या जागी हे काय गं?" पण आठवड्याभरात कळलं की आवाज चार आहेत आणि एकाचा दुसऱ्याशी फारसा संबंध नाही.

आमच्या गल्लीत प्लंबिंगचं काम करणारे एक काका आहेत. त्यांना कॅलेंडर दाखवलं. "असं लिहून ठेवल्यावर निम्मं काम झालं की वैनी," म्हणाले, आणि आधी मेन स्विच बंद केला.

गिझर खोलून पाणी तापवणारं एलिमेंट बाहेर काढलं तर त्यावर पांढरी खपली, अर्ध्या बोटाएवढी जाड. हे उन्हाळ्याचं पाप. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी लांबलं की आम्ही टाकीत बोअरचं सोडतो. नळाला येणारं राकसकोप धरणाचं पाणी मऊ, बोअरचं जड, तुरीची डाळसुद्धा त्यात धड शिजत नाही. जड पाणी तापलं की त्यातला चुना एलिमेंटवर बसतो. त्या थराखाली अडकलेलं पाणी उकळून वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटले की तो खडे भाजल्याचा आवाज. काकांनी लिंबूसत्व गरम पाण्यात विरघळवून एलिमेंट बादलीत टाकलं. फसफस करत तीन-चार तासांत बहुतेक खपली सुटली. टाकीच्या तळाशी साचलेला चुरा मगाने काढला. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी तीच झिजावी म्हणून बसवलेली. आमची झिजून तारेएवढी उरली होती, ती बदलली. टाकी शाबूत होती.

रात्रीच्या घुर्रनं मात्र दमवलं. वरच्या शॉवरला जोर नव्हता म्हणून दिवाळीत आम्ही थंड पाण्याच्या लाईनवर प्रेशर पंप बसवला होता. गिझर, फ्लश, वॉशिंग मशीन सगळं त्याच लाईनवर. नळ उघडला, दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो. पण सगळे नळ बंद असताना दर सात-आठ मिनिटांनी तीन सेकंद चालायचा. म्हणजे पाणी कुठेतरी गळतंय. भिंत ओली नाही, फरशी कोरडी. काका म्हणाले, "हळद आणा." ती फ्लशच्या टाकीत टाकली आणि चहा प्यायला बसलो. परत जाऊन पाहतो तर खाली भांड्यात पिवळी रेघ उतरलेली. फ्लशचा वॉशर खराब झाला होता. कपाळाला हात लावला. ज्यासाठी नवा गिझर घ्यायला निघाले होते, त्यातला एक आवाज संडासातून येत होता.

धाडचा छडा कॅलेंडरनंच लावला. दर वेळी मशीन लावलेलं. मशीनचा व्हॉल्व्ह पाणी एका झटक्यात तोडतो. धावतं पाणी अडलं की त्याचा धक्का पाईपला बसतो, आणि आमचा पाईप दोन ठिकाणी क्लॅम्प सुटून लोंबत होता, तो भिंतीवर आपटायचा. क्लॅम्प घट्ट केले, पंपाचा दाब थोडा उतरवला. मशीनजवळ हातभर पाईपचा तुकडा उभा जोडून वरून बूच मारलं. त्यातली हवा दाबली जाते आणि धक्का गिळते. वर्षभरात त्यात पाणी भरतं, तेव्हा लाईन रिकामी करून पुन्हा हवा भरून घ्यावी लागते. हे काकांनी सांगितलं नव्हतं, पुन्हा धाड झाल्यावर विचारलं तेव्हा कळलं!

राहिली भिंतीतली टकटक. गिझरपासून खालच्या न्हाणीपर्यंत सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा, दहा मीटरचा पाईप जातो. पाणी 25 अंशांवरून 60 वर गेलं की हा पाईप दोन सेंटिमीटरहून जास्त लांबतो. जुना लोखंडी पाईप तेवढ्याच तापण्यानं जेमतेम चार मिलिमीटर वाढला असता. लांबायला जागा नाही, म्हणून सिमेंटमध्ये अडकत, सुटत, टक, टक. स्लॅबमधलं भोक थोडं मोठं करून घेतलं, बाहेरचे क्लॅम्प सैल केले. भिंतीतला भाग तसाच आहे. त्यासाठी नवी टाईल फोडायची माझी तयारी नाही.

मामंजींना हा सगळा खटाटोपच पटला नाही. "तांब्याचा बंब माळ्यावर हाय की. शेणी घाला, आवाज न्हाई, काय न्हाई." बंबाची राख रोज कोण काढायचं, हे सासूबाईंनी त्यांना लगेच ऐकवलं.

टकटक अजून होते, सकाळी पावणेसातला, मामंजींची अंघोळ सुरू झाली की. ती ऐकली की सासूबाई चहाचं आधण ठेवतात.