‘एथिकल’ फंडाची पूर्ण यादी मिळवताना

परदेशी शेअरमध्ये पैसे घालणारा एथिकल फंड, म्हणजे नीतीच्या कसोट्या लावून कंपन्या निवडणारा म्युच्युअल फंड घ्यायचा असेल, तर पैसे भरणं हे सगळ्यात सोपं काम. पॅन, आधार, बँकेचं मँडेट, मोबाइलवर ओटीपी, झालं. मी अडकले ते वेगळ्याच ठिकाणी. हा फंड कोणत्या कंपन्या घेतो, कोणत्या नाकारतो आणि ते कशावरून ठरतं, एवढं लेखी मिळवण्यात. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी मुख्य अट एकच होती. तंबाखूत माझा एक रुपयाही जायला नको. आईने अशोक चौकाजवळच्या भाड्याच्या खोलीत बसून वर्षानुवर्षं विड्या वळल्या. सोलापूरच्या पूर्व भागात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, घराआड एक घर तसंच. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्या वजा, आणि तंबाखूचा खकाणा अंथरूण-पांघरुणापर्यंत. तिचा खोकला ऐकतच आम्ही मोठे झालो. त्या पैशांवर मी बीकॉम झाले, याचा मला अभिमान आहे. माझ्या या अटीमुळे विडी वळणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येत नाही. मी बोलते आहे ती जगभर सिगारेटी विकून शेअर बाजारात मिरवणाऱ्या कंपन्यांबद्दल. त्यांच्या नफ्यात मला वाटा नको होता. शिवाय शस्त्रास्त्रं नकोत आणि कामगारांना पिळणाऱ्या कंपन्या नकोत, हेही मनात होतंच.

रस्ते दोन होते. एक, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली स्वतः डॉलर पाठवायचे. आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, फॉर्म ए-२ भरावा लागतो, आणि गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ कर, कापला जातो. रिटर्न भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. दुसरा रस्ता म्हणजे इथल्याच म्युच्युअल फंडाची ‘फंड ऑफ फंड’ योजना, रुपयांत एसआयपी. पगारदार माणसाला हाच परवडतो. फक्त ती योजना सध्या नवे पैसे घेते आहे का, ते आधी बघा. सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात गुंतवायला ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे. ती भरत आली म्हणून फेब्रुवारी २०२२ मध्ये सेबीने नवी गुंतवणूक थांबवायला लावली होती, आणि त्यानंतरही या योजना कधी उघडतात, कधी बंद होतात.

आता मुद्द्यावर येते. फंड ऑफ फंड स्वतः शेअर घेत नाही. त्याचे किमान ९५ टक्के पैसे दुसऱ्या फंडाच्या युनिटमध्ये जातात. मी निवडलेल्या योजनेचा तो ‘दुसरा फंड’ लक्झेंबर्गमध्ये नोंदलेला. त्यामुळे दर महिन्याच्या पोर्टफोलिओत काय दिसतं? एक ओळ. परदेशी फंडाचं नाव आणि टक्केवारी. खाली थोडी रोकड. फॅक्टशीटमध्ये पहिल्या दहा कंपन्यांची नावं होती, ती सगळी नेहमीची मोठी अमेरिकन नावं. अकराव्या क्रमांकापासून पुढे काय आहे, याचा पत्ता नाही. आणि तंबाखू असेल तर ती पहिल्या दहांत कशाला असेल?

फंड हाउसच्या सेवा केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलाने हिरव्या पानाचं आणि पवनचक्कीचं चित्र असलेलं पत्रक दिलं. म्हणाला, “मॅडम, ईएसजी आहे म्हणजे तंबाखू नसणारच.” (ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार या तीन कसोट्या.) म्हटलं, हेच लिहून द्या. तर म्हणे वेबसाइटवर आहे. वेबसाइटवर योजनेचं माहितीपत्रक, शंभरावर पानांचं. त्यात या विषयावर एवढंच, की मूळ फंड आपल्या धोरणाप्रमाणे गुंतवणूक करेल. ते धोरण कुठे वाचायचं, ते नाही. ईमेल केला. उत्तर आलं, ‘फंड व्यवस्थापक निर्णय घेताना ईएसजी घटकांचा विचार करतात.’ आणि खाली तक्रार बंद झाल्याचा शिक्का. पुन्हा लिहिलं, तर केवायसीची स्थिती कळवणारा मजकूर आला. फोनवर दर वेळी नवा आवाज, दर वेळी फोलिओ नंबरपासून सुरुवात. आमचे एजंट काका भले गृहस्थ, पण तेही म्हणाले, “ताई, एवढं कुणी विचारत नाही. रिटर्न बघा.”

‘विचार करतात’ या दोन शब्दांवर मी भडकले, आणि का ते नीट सांगते, कारण सगळी मेख तिथेच आहे. समाजाचा, पर्यावरणाचा ‘विचार करणं’ ही एक पद्धत आहे, तिला इंटिग्रेशन म्हणतात. त्यात कुठलाही धंदा वर्ज्य नसतो. व्यवस्थापक जोखीम मोजताना प्रदूषण, कामगारांचे तंटे, संचालक मंडळाचा कारभार हेही हिशेबात धरतो, आणि शेअर तरीही स्वस्त वाटला तर सिगारेटची कंपनीही घेऊ शकतो. धंदाच वर्ज्य करणं, म्हणजे एक्स्क्लुजन, ही निराळी पद्धत. आपल्याकडच्या ईएसजी योजनांसाठी सेबीने जुलै २०२३ मध्ये अशा सहा पद्धती ठरवून दिल्या आणि कोणती पद्धत ते योजनेच्या नावातच लिहायला लावलं. फार चांगलं केलं. परदेशी फंडात मात्र ते आपल्यालाच खणून काढावं लागतं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. परदेशी गिऱ्हाईक ऑर्डर देण्याआधी कापडात घातक रसायनं नसल्याचं ओइको-टेक्सचं प्रमाणपत्र मागतं, रंगात कोणती रसायनं आहेत ते विचारतं, कामगारांच्या वयाचे दाखले, ओव्हरटाइमची रजिस्टरं तपासायला माणूस पाठवतं. एका टॉवेलसाठी आम्ही फाइली भरून उत्तरं देतो आणि वेळेत देतो. मग माझ्या कष्टाच्या पैशांवर दर वर्षी व्यवस्थापन खर्च कापून घेणाऱ्यांनी मला एका वाक्यावर वाटेला लावायचं, हे मी मुकाट्याने का घ्यावं?

शेवटी प्रश्न बदलला. ‘तंबाखू आहे का’ हे विचारणं सोडलं आणि लिहिलं, ‘मूळ फंडाचा आयएसआयएन क्रमांक, शेअर क्लास आणि प्रॉस्पेक्टसची तारीख कळवा.’ आयएसआयएन म्हणजे फंडाची जगभर चालणारी ओळख, आणि प्रॉस्पेक्टस म्हणजे त्याचं मूळ माहितीपत्रक. याचं उत्तर लगेच आलं. मत द्यायचं नसलं की कार्यालयं पटकन उत्तर देतात, हे आमच्या एक्स्पोर्टच्या कामातही मी पाहिलंय. एलयू अक्षरांनी सुरू होणारा तो क्रमांक हातात आल्यावर त्या परदेशी कंपनीच्या संकेतस्थळावर सगळं उघडं पडलेलं होतं. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

तर कुणाला हे करायचं असेल, त्याने थेट तो क्रमांक मागावा. युरोपात मार्च २०२१ पासून एसएफडीआर नावाचा, फंडांनी शाश्वततेबद्दल काय जाहीर करायचं ते ठरवणारा नियम लागू आहे. त्यातल्या आठव्या किंवा नवव्या कलमाखाली येणाऱ्या फंडाला प्रॉस्पेक्टससोबत ठरावीक नमुन्याचं परिशिष्ट जोडावंच लागतं. नवव्या कलमाचा फंड म्हणजे ज्याचं उद्दिष्टच शाश्वत गुंतवणूक आहे असा. आठव्याचा त्याहून सैल. त्या परिशिष्टात शेअर निवडताना कोणत्या अटी बंधनकारक आहेत, असा एक प्रश्न छापलेला असतो. बाकी पानं नंतर वाचा, आधी तेवढं उत्तर वाचा. तिथे ‘विचार करतात’ चालत नाही.

मला जे सापडलं ते असं. सुरुवात एमएससीआय या निर्देशांक आणि रेटिंग देणाऱ्या संस्थेच्या ‘वर्ल्ड’ निर्देशांकातल्या कंपन्यांपासून, म्हणजे २३ विकसित देश. भारत त्यात नाही. मग चाळणी. क्लस्टर बॉम्ब, भूसुरुंग, रासायनिक शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या सरसकट बाद. तंबाखू पिकवणाऱ्या आणि सिगारेट बनवणाऱ्या बाद, तिथे टक्केवारीची सूट नाही. तंबाखू विकणाऱ्यांना मात्र उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत मुभा. कोळशाला वेगळी मर्यादा. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल कॉम्पॅक्टची दहा तत्त्वं, त्यात बालमजुरी, वेठबिगारी, संघटनेचा हक्क, भ्रष्टाचार आले. ती गंभीरपणे मोडणाऱ्या कंपन्या बाद. जे उरतं त्याला ईएसजी रेटिंग, आणि त्यानंतर कुठे विश्लेषक ताळेबंद घेऊन बसतात.

वाचून मोठं ओझं उतरलं. ५ टक्क्यांचं कलम मात्र खटकलं. यादीत एक सुपरमार्केट साखळी आहे, तिच्या काउंटरवर सिगारेट मिळते. मी त्यांना तसं लिहिलं आहे. बनवणाऱ्याला शून्य सूट आहे म्हणून फंड घेतला, आणि ती अट कधी सैल झाली तर त्याच दिवशी बाहेर पडणार.

रेटिंगवर मात्र फार विसंबू नका. एमएससीआयची श्रेणी एएए ते सीसीसी अशी सात पायऱ्यांची असते, पण ती त्याच उद्योगातल्या इतरांच्या तुलनेत दिलेली असते. म्हणजे तेल कंपन्यांतली त्यातल्या त्यात बरी असलेलीही वर जाऊ शकते. दोन संस्थांचं एकमत होईलच असंही नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा रेटिंग संस्थांच्या गुणांची तुलना केली, तर त्यांच्यातला सहसंबंध सरासरी फक्त ०.५४ निघाला, पूर्ण जुळले असते तर १ आला असता. त्याच वर्षी मे महिन्यात एस अँड पी ५०० ईएसजी निर्देशांकातून विजेच्या गाड्या बनवणारी टेस्ला बाहेर गेली आणि तेल कंपनी एक्सॉनमोबिल आत राहिली. म्हणून मी गुण बघत नाही, वगळणीची अट बघते.

चाळणी कशी उघडपणे करता येते हे बघायचं असेल तर नॉर्वेच्या सरकारी पेन्शन फंडाचं काम जरूर वाचा. जगभरच्या शेअर बाजारांतला सुमारे दीड टक्का वाटा या एका फंडाकडे आहे. त्यांनी २००४ मध्ये पाच जणांची नीतिपरिषद नेमली, २०१० पासून तंबाखू उत्पादक वगळले, आणि २०१६ पासून ज्यांचं ३० टक्के किंवा त्याहून जास्त उत्पन्न वीजनिर्मितीच्या कोळशातून येतं त्यांना बाहेर ठेवण्याचा निकष आणला. वगळलेल्या कंपन्यांची नावं कारणासह जाहीर असतात. तो निकष वाचताना मला आपलं फताटेवाडीचं १३२० मेगावॉटचं औष्णिक केंद्र आठवलं. तिथली वीज आमचे यंत्रमाग चालवते, म्हणून कोळशाबद्दल माझी अट तंबाखूइतकी कडक नाही. तुमची असू शकेल. फंड निवडण्याआधी हे स्वतःशी ठरवून कागदावर लिहा, नाहीतर पत्रकं वाचून गोंधळ उडतो.

व्याजाच्या धंद्यातलं काहीच नको असेल, तर शरियाच्या निकषांवर चालणारे फंड वेगळे असतात. त्यांत बँका, दारू, जुगार नसतात आणि कंपनीच्या कर्जालाही मर्यादा असते, अनेक निर्देशांकांत ती ३३ टक्के आहे. माझ्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने तो मार्ग घेतला. त्याला यादी मिळवायला काहीच त्रास झाला नाही, कारण ती योजना भारतीय शेअर घेणारी होती आणि पोर्टफोलिओ दर महिन्याला नावानिशी छापला जातो.

पूर्ण यादी कुठे मिळते ते राहिलंच. युरोपातल्या यूसिट्स फंडाला, म्हणजे सामान्य गुंतवणूकदारांसाठीच्या तिथल्या नियमांत बसणाऱ्या फंडाला, वर्षाचा अहवाल चार महिन्यांत आणि सहामाही अहवाल दोन महिन्यांत प्रसिद्ध करावा लागतो. त्यात शेवटच्या कंपनीपर्यंत नावं, शेअरची संख्या आणि किंमत असते. मी तो डाउनलोड करून तंबाखू कंपन्यांची नावं एकेक करून शोधली. एकही सापडलं नाही. आता दर सहामाहीला हेच करते.

फंड हाउस दाद देत नसेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर जा. आधी त्यांच्याकडे केलेली तक्रार जोडावी लागते, म्हणून ते बंद केलेले ईमेल पुसू नका. २१ दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

आणि कर. या योजनांना भारतीय इक्विटी फंडासारखी १२ महिन्यांची सवलत नाही. २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकलं तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. भारतीय इक्विटी फंडाच्या नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची माफीही इथे लागू होत नाही.