चिखल न पाहिलेली गाडी

पहिलीच गाडी म्हणून जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देता येणारी गाडी, घ्यायचे मी ठरवले, तेव्हा माझी अट एकच होती: गाडी डोंगरवाटांवर चालणारी असावी, पण तिने डांबरी रस्ता कधी सोडलेला नसावा. ही अट किती विसंगत आहे हे कळायला मला चार महिने आणि अकरा गाड्या लागल्या. त्या अकरांपैकी तिसरी गाडी मी नाकारली आणि नववी जवळजवळ घेतलीच होती. दोन्ही निर्णयांमागे कारण एकच होते आणि ते दोन्ही वेळा चुकीचे होते.

तिसऱ्या गाडीच्या दारांवर झुडपांचे ओरखडे होते, दाराखालच्या पत्र्याला पोचा आला होता आणि चालकाच्या सीटची शिवण उसवलेली होती. मालकांनी ती मला खडीच्या एका मोकळ्या मैदानात चालवायला दिली. मी लिव्हर ओढून फोर व्हील ड्राइव्ह लावला, स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि गाडी हळूहळू फिरवू लागले, तर कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती अडखळू लागली, स्टिअरिंग जड झाले आणि चाकांखालची खडी करकरली. ‘असंच व्हायला हवं,’ असे मालक शांतपणे म्हणाले. विकणारा माणूस दुसरे काय म्हणणार, असा विचार करून मी आभार मानले आणि निघाले.

नववी गाडी याच्या अगदी उलट होती. रंग चकाकत होता, गाडी खालूनसुद्धा काळीभोर आणि स्वच्छ होती, मीटरवर ६२,००० किलोमीटर होते आणि ‘ही कधी मातीत गेलेलीच नाही’ हे वाक्य मला दोनदा ऐकवण्यात आले. मीही तीच परीक्षा केली: फोर व्हील ड्राइव्ह लावला, डॅशबोर्डवर दिवा लागला, स्टिअरिंग पूर्ण वळवले आणि गाडी लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. मी मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. नशिबाने आगाऊ रक्कम देण्यापूर्वी ओळखीच्या एका मेकॅनिक काकांना मी सोबत घेऊन गेले.

काकांनी बॉनेट उघडलेच नाही. ‘वरून काय बघतेस? खाली झोप आधी,’ असे म्हणून त्यांनी जमिनीवर पोते अंथरले.

या जातीच्या बहुतेक जुन्या गाड्यांची बांधणी अशी असते की खाली शिडीसारखी पोलादी चॅसी आणि तिच्यावर बोल्टांनी बसवलेली बॉडी. १९४१ पासूनची युद्धकाळातली विलीस जीप, १९४८ ची पहिली लँड रोव्हर, १९७० पासूनची सुझुकी जिम्नी, या सगळ्यांचा सांगाडा याच घराण्यातला. त्यामुळे बॉडीवरचा पोचा हा निव्वळ दिसण्याचा प्रश्न असतो, पण चॅसी कुजली असेल तर गाडी संपली. चॅसीच्या आडव्या-उभ्या पट्ट्या आतून पोकळ असतात, त्यांच्या भोकांतून चिखल आत शिरतो, महिनोन्‌महिने ओलावा धरून ठेवतो आणि लोखंड आतून बाहेर गंजत येते. समुद्राकाठची वाळू किंवा बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेले मीठ असेल तर हे काम आणखी वेगाने होते. मागच्या अ‍ॅक्सलवर चॅसी जिथे कमान करून वर चढते आणि पाटे किंवा स्प्रिंग जिथे टांगलेले असतात, त्या जागा काकांनी पेचकसाच्या मुठीने ठोकून पाहिल्या. बऱ्याच ठिकाणी खणखणीत आवाज आला, पण एका ठिकाणी ओल्या पुठ्ठ्यावर मारावे तसा बद्द आवाज आला. तिथे पेचकसाचे टोक दाबताच ताज्या काळ्या रंगाची खपली सुटली आणि तिच्याबरोबर बोटाच्या पेराएवढा गंजाचा पापुद्रा हातात आला. जुन्या गाडीचा तळ नुकताच रंगवलेला दिसला की तो कशासाठी रंगवला असेल, हा प्रश्न मी आता सर्वांत आधी विचारते.

पण मला खरा धक्का बसला तो पुढच्या चाकांपाशी. वळताना पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापावे लागते. साध्या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरता लावायच्या, फोर व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये हा फरक सामावून घेणारे डिफरन्शियल नसते, तर ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी, दोन्ही अ‍ॅक्सलकडे जाणारे शाफ्ट एकाच गतीने फिरवते. हा फरक कुठेतरी निघणे भाग असते आणि तो चाके जमिनीवर किंचित घसरून निघतो. म्हणूनच अशा गाडीत कोरड्या डांबरावर फोर व्हील ड्राइव्ह लावायचा नसतो, कारण तिथे चाके सहज घसरत नाहीत आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्ट यांच्यावर येतो. आणि म्हणूनच खडीवर पूर्ण वळवलेली गाडी अडखळली पाहिजे. जी अडखळत नाही तिच्या पुढच्या चाकांपर्यंत जोर पोहोचतच नाही, मग डॅशबोर्डवर दिवा लागलेला असो वा नसो. चकचकीत गाडीचे पुढचे हब, म्हणजे चाक अ‍ॅक्सलला जोडणारे चाकाच्या मधले खटके, जुन्या, मेणासारख्या घट्ट झालेल्या ग्रीसने जाम झाले होते. लो रेंजचा, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरांचा, लिव्हर तर काकांनी दोन्ही हातांनी ओढूनही जागचा हलला नाही. वर्षानुवर्षे कोणी तो हलवलाच नव्हता. चिखल न पाहिलेली गाडी मला हवी होती, तशीच ती मिळाली होती.

मीटरवरच्या आकड्याबद्दलचे माझे मतही त्याच दिवशी बदलले. मीटर अंतर मोजतो, कष्ट मोजत नाही. लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर इंजिन भरपूर फिरत असते आणि गाडी ताशी दहा किलोमीटरनेही पुढे सरकत नसते, त्यामुळे दिवसभराच्या अशा श्रमाची मीटरवर जेमतेम दोन आकडी नोंद होते. उलट एखाद्या गाडीने महामार्गावर लाखभर किलोमीटर निवांतपणे काढलेले असू शकतात. आकड्यापेक्षा पेडलवरच्या रबराची झीज, क्लचची पकड आणि थंड इंजिन सुरू करताना निघणारा धूर यांवर विसंबणे बरे. धूर निळसर असेल तर तेल जळते आहे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट आत शिरत असण्याची शंका घ्यावी. विक्रेत्याने गाडी ‘तुमच्यासाठी आधीच गरम करून’ ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावे.

पाण्यातून गेलेली गाडी ओळखणे त्यामानाने सोपे असते, फक्त कुठे बघायचे ते ठाऊक हवे. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की त्याच्या आतल्या, एरवी न दिसणाऱ्या भागावर मातकट पाण्याची रेषा सापडते. प्रत्येक अ‍ॅक्सलच्या आत डाव्या-उजव्या चाकांसाठी जे डिफरन्शियल असते, त्याचे प्रकरण अधिक छुपे आहे. चालून तापलेला अ‍ॅक्सल एकाएकी थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरची, म्हणजे हवा ये-जा करण्याची, बारीक नळी तुंबलेली असेल तर ती पोकळी सीलमधून पाणी आत ओढून घेते. तेल आणि पाणी एकत्र घुसळले गेले की दुधाळ चहासारखा रंग येतो. फिलर प्लग उघडून करंगळी आत घातली की पुरावा बोटावर येतो. विक्रेत्याला हे आवडत नाही, पण त्याला काय आवडते हे पाहायला आपण गेलेलो नसतो.

मधल्या काळात पाहिलेल्या तीन गाड्या उंच केलेल्या होत्या, मोठ्या टायरांच्या आणि दिसायला रुबाबदार. त्यांवर मी फार वेळ घालवला नाही. सस्पेन्शन उंच केले की शाफ्टचा कोन बदलतो, त्याच्या सांध्यांतले क्रॉस लवकर झिजतात, मोठ्या टायरांमुळे ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू लागतो. हे सगळे जाणकाराने नीट जमवून केलेले असेल तर उत्तमच, पण ते तसे केलेले आहे की नाही हे ओळखण्याइतकी जाण पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याकडे नसते. निदान माझ्याकडे नव्हती. मूळ स्थितीतली गाडी घ्यावी आणि पुढे हौस करायचीच असेल तर ती स्वतःच्या जबाबदारीवर करावी, असे माझे मत झाले. कागदपत्रांविषयी एवढेच सांगते की चॅसीवर कोरलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून नोंदणीशी ताडून पाहावा. झेरॉक्सवर विसंबू नये.

सहा आठवड्यांनी मी तिसऱ्या गाडीच्या मालकांना पुन्हा फोन केला. गाडी अजून विकली गेली नव्हती, बहुधा माझ्यासारख्यांमुळेच. या वेळी मी आपणहून जमिनीवर झोपले. तळाला वाळलेला चिखल होता, चॅसीवर वरवरचा तांबूस गंज होता, पण जिथे ठोकले तिथे आवाज खणखणीत आला. हब दोन बोटांनी फिरला. लो रेंजचा लिव्हर ‘खट्’ असा स्वच्छ आवाज करत जागेवर बसला. मग मालकांनी ग्लव्ह बॉक्समधून एक तेलकट वही काढली. तिच्यात तारीख, किलोमीटर आणि केलेले काम अशा नोंदी होत्या, आणि दोन-तीन पानांआड ‘ओढा ओलांडला, दोन्ही डिफ. तेल बदलले’ अशी ओळ होती. पहिल्या भेटीत ही वही त्यांनी का दाखवली नाही, असे मी विचारले. ‘तुम्ही थांबला कुठे?’ ते म्हणाले.

उणिवा होत्याच. टायरच्या बाजूवर जे चार आकडे असतात त्यांतले पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष सांगतात. चार चाकांवर १८१९ होते, म्हणजे २०१९ सालचा अठरावा आठवडा, पण स्टेपनीवर ०७११ होते आणि तिचा आकारही वेगळा होता. नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षे उलटलेला टायर वापरू नये, शिवाय वेगळ्या आकाराचे चाक लावून फोर व्हील ड्राइव्ह चालवला तर वळणावरचा तो ताण सरळ रस्त्यावरही सतत येत राहतो. या स्टेपनीपोटी किंमत थोडी कमी करून घेतली आणि व्यवहार पुरा केला.

गाडी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी काकांच्या देखरेखीखाली पाचही ठिकाणची तेले बदलली: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन डिफरन्शियल. तेल काढण्याआधी भरायचा प्लग उघडतो की नाही हे पाहायचे, नाहीतर सगळे तेल वाहून गेल्यावर कळते की नवे ओतायला वाटच नाही, हे मी तेव्हा शिकले. पुढच्या डिफरन्शियलच्या चुंबकी प्लगवर राखाडी, टूथपेस्टसारखा लेप होता. मी घाबरले, पण काकांनी तो दोन बोटांत चोळून पाहिला, एकही कपची लागली नाही, आणि प्लग फडक्याने पुसून माझ्या हातात दिला. संध्याकाळी मालकांच्या शेवटच्या नोंदीखाली मी तारीख आणि किलोमीटर लिहिले, पाच तेलांपुढे खुणा केल्या आणि त्याखाली ‘स्टेपनी – बाकी’ असे लिहिले.