६ टीबीच्या डिस्क आणि जुना ०.९० चा मिरर

माझ्या मिररची (लिनक्सचा रेड अ‍ॅरे, म्हणजे प्रत्येक डिस्कवर त्याच डेटाची प्रत ठेवणारा संच) प्रगती: १ टीबीच्या दोन्ही जुन्या डिस्क अजून सेवेत आहेत, त्यांची जागा घ्यायला शेजारी ६ टीबीच्या दोन नव्या येऊन बसल्यात. खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीतून, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून. भावापेक्षा जास्त घासाघीस पार्किंगसाठीच करावी लागली.

आधी एक गंमत. नवी डिस्क मित्राच्या जुन्या यूएसबी डॉकमध्ये घातली, तर आकार दिसला १.६ टीबी. मित्र म्हणाला, "डुप्लिकेट माल गळ्यात मारला रे तुझ्या!" डिस्क बिनदोष आहे. डॉकमधली चिप सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) ३२ बिटांतच मोजते. ५१२ बाइटचा सेक्टर धरला तर २.२ टीबीला तिचं मीटर पुन्हा शून्यावर. ६ टीबीत ते दोनदा फिरतं आणि उरलेले १.६ तेवढे दिसतात. मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट लावली की ११,७२,१०,४५,१६८ सेक्टर, बरोब्बर.

हाच १.६ चा आकडा रेडमध्येही आडवा येणार होता. माझ्या अ‍ॅरेचा मेटाडेटा, म्हणजे अ‍ॅरेची माहिती लिहायची पद्धत, जुन्या ०.९० व्हर्जनची. त्याच्या सुपरब्लॉकमध्ये (ही माहिती जिथे लिहितात तो तुकडा) डिस्कचा वापरायचा आकार किलोबाइटमध्ये लिहितात, तोही ३२ बिटांत. म्हणजे कमाल ४ टेबीबाइट (१०२४ च्या पटीत मोजलेला टीबी), डिस्कच्या खोक्यावरच्या हिशेबात ४.४ टीबी. (लिनक्स ३.१ च्या आधी तर २ वरच गाडी अडायची.) ६ मधून ४.४ गेले, राहिले किती?

"सरळ १.२ मेटाडेटाचा नवा अ‍ॅरे करून डेटा कॉपी करा" म्हणणारे म्हणतील. मला ते पटत नाही. ०.९० चा सुपरब्लॉक पार्टिशनच्या शेवटी असतो आणि १.० चाही शेवटीच, त्यामुळे डेटा जागचा न हलवता १.० वर जाता येतं, आणि तिथे ही ४.४ ची अडचण नाही. एमडीएडीएमने (mdadm, लिनक्समधलं रेड सांभाळायचं साधन) अ‍ॅरे असेंबल, म्हणजे चालू करताना अपडेटला 'मेटाडेटा' द्यायचं, झालं. अट दोन गोष्टींची: अ‍ॅरे पूर्ण सिंक हवा आणि राइट-इंटेंट बिटमॅप (कुठल्या भागात लिहिणं चालू आहे याची नोंद) काढलेला हवा. बिटमॅप नसताना वीज गेली तर अख्खा रीसिंक, म्हणजे डिस्क पहिल्यापासून पुन्हा जुळवणं नशिबी, म्हणून गुरुवार टाळला. आमच्याकडे दुरुस्तीचं शटडाउन हमखास त्याच दिवशी. बदल झाल्यावर बिटमॅप लगेच परत लावला. एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमधल्या अ‍ॅरेच्या ओळीत ०.९० लिहिलेलं असेल तर तेही बदला, नाहीतर पुढच्या बूटला अ‍ॅरे उभाच राहणार नाही.

नव्या डिस्कवर पार्टिशन टेबल अर्थातच जीपीटी. जुन्या पद्धतीच्या एमबीआर टेबलची धाव २.२ टीबीपर्यंतच.

सध्या दोन्ही जुन्यांसोबत एक नवी जोडून मिरर तीन डिस्कचा केलाय, दुसरी त्यानंतर. जुनी काढून नवी घालण्यापेक्षा हे बरं, एकही क्षण एकाच प्रतीवर काढावा लागत नाही. दोन्ही नव्या सिंक झाल्या की जुन्या बाहेर, मग अ‍ॅरे वाढवायला एमडीएडीएमच्या ग्रोमध्ये साइझ मॅक्स आणि शेवटी फाइलसिस्टिम वाढवायला रिसाइझ-टू-एफएस.

जुन्या डिस्क कुणाला हव्या असल्यास सांगा. सगळीकडे शून्य भरून (जुना डेटा पुसून), स्मार्ट रिपोर्टसकट (डिस्कच्या तब्येतीचा अहवाल) देईन.