शून्य, शून्य, शून्य

दुपारी पेल्यात बर्फाचा खडा टाकला. टक् करून त्याला तडा गेला आणि मी पाणी प्यायचं सोडून हिशेब करत बसलो. खोड जुनी आहे. घरातलं कुणी विचारतं, "काय पुटपुटतोयस?" मी म्हणतो, काही नाही.

खडा धरा 20 ग्रॅमचा. फ्रीजरमधून निघाला तेव्हा उणे 18 अंश. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला एक कॅलरी लागते; बर्फाची ही विशिष्ट उष्णता पाण्याच्या निम्मी, त्यामुळे शून्यापर्यंत यायला त्याला 180 कॅलरी पुरतात. किरकोळ. पुढे नुसतं वितळायला मात्र ग्रॅममागे 80, म्हणजे 1600! एवढं गिळून तापमान जिथल्या तिथे. तेवढ्या उष्णतेत तेच 20 ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांवर गेलं असतं, बोट घालायची सोय राहिली नसती.

शाळेत हा प्रयोग होता. चंचुपात्रात बर्फाचा चुरा, त्यात तापमापी, खाली मंद आच. दर मिनिटाला नोंद करायची. शून्य, शून्य, शून्य. चौथ्या शून्याला मला वाटलं तापमापी बिघडली. टिचकी मारून पाहिली. शेजारच्या गटाकडे डोकावलो, तर त्यांचीही बिघडलेली. मग मी माझ्या अकलेने तक्ता भरला: अर्धा अंश, एक, दीड, दोन. आच चालू आहे म्हटल्यावर पारा चढणारच की! सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "तुझा बर्फ फारच समजूतदार दिसतो." शब्द शिकवला तो त्यानंतर: अप्रकट उष्मा. कुणी सुप्त उष्णता म्हणतात, मला तेच आवडतं. झोपलेली वाटते.

ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने 1760 च्या दशकाच्या सुरुवातीला दोन सारखी काचपात्रं एका खोलीत ठेवली, एकात बर्फ आणि दुसऱ्यात जवळजवळ तेवढंच गार पाणी. पाणी जेवढं तापायला अर्धा तास लागला, तेवढ्यावर यायला बर्फाला साडेदहा तास लागले. साडेदहा तास! आणि पठ्ठ्याने तक्ता मनाने भरला नाही. त्याच्या आधी लोकांचा समज साधारण माझ्यासारखाच होता, की शून्यावर आलेला बर्फ जराशा उष्णतेने वितळून जातो. ब्लॅक म्हणायचा, तसं असतं तर थंडी सरताच सगळं हिम एकदम पाणी झालं असतं आणि पुरांनी हाहाकार उडाला असता.

एसी दीड टनाचा असं आपण सहज बोलतो, तो टनही या बर्फाचाच. 24 तासांत 2000 पौंड बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलीतून उपसायची म्हणजे एक टन. हे कळेपर्यंत मी ते यंत्राचं वजन समजत होतो. एकट्याने उचलताना पाहूनसुद्धा.

असो. पेल्यातलं पाणी 200 ग्रॅम, 30 अंशांवर. खडा पूर्ण वितळल्यावर, हवेची आणि काचेची उष्णता सोडून, उत्तर आलं 19 अंश आणि वर थोडं. खड्याऐवजी शून्य अंशाचं 20 ग्रॅम पाणीच ओतलं असतं तर जेमतेम 27.

ताळा करावा म्हणून कपाटातून तापमापी काढली. ती ताप बघायची, 35 च्या खाली तिला काही दिसत नाही. तोवर पेल्यात खडाही उरला नव्हता.